संतमाता : पंडिता रमाबाई व त्यांची मनोरमा

संतांचें नांव घेतलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बहुधा संसार सोडलेला पुरुष किंवा मठांत राहणारी कुमारिका उभी राहते. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या एका अंगास देहू व दुसऱ्या अंगास आळंदी आहे. त्यामुळें प्रपंचांत राहूनही परमार्थ साधतो, ही गोष्ट येथील मुलांना नवी नाहीं. तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई लेंकुरवाळ्याच होत्या. ख्रिस्ती संतमालिकेंतही अशा माता पुष्कळ आहेत, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें.

कार्थेजची पर्पेतुआ इ. स. २०३ मध्यें धर्मासाठीं मारली गेली, तेव्हां ती सुमारें बावीस वर्षांची असून तिचें मूल अंगावर पीत होतें. तिनें बंदिवासांत लिहिलेला वृत्तांत आजही वाचावयास मिळतो. त्यांत स्वर्गीय दृष्टांत आणि बाळाच्या दुधाची चिंता हीं दोन्ही शेजारीं शेजारीं येतात. तिच्याबरोबरची दासी फेलिसिती तर बंदिवासांतच प्रसूत झाली. संत ऑगस्टीन याची माता मोनिका हिनें बहकलेल्या पुत्रासाठीं वर्षानुवर्षें अश्रू ढाळले व इ. स. ३८७ मध्यें त्याचा बाप्तिस्मा पाहिल्यावर त्याच वर्षीं देह ठेविला. अलीकडचें उदाहरण इटलीच्या डॉक्टर जान्ना बेरेत्ता मोल्ला यांचें. चौथ्या अपत्याच्या जन्मानंतर १९६२ सालीं त्या वारल्या आणि २००४ सालीं पोपमहाराजांनीं त्यांना संत म्हणून जाहीर केलें. त्या समारंभास त्यांचे पति हजर होते!

या झाल्या दूरदेशच्या माता. आपल्याच पुणें जिल्ह्यांत, दौंड तालुक्यांतील केडगांव येथें अशी एक माता होऊन गेली. ती म्हणजे पंडिता रमाबाई. येथें एक खुलासा केला पाहिजे. रमाबाई रोमन कॅथोलिक मंडळीच्या नव्हत्या, आणि पोपमहाराजांनीं द्यावयाचें संतपद त्यांना मिळालेलें नाहीं. परंतु इंग्लंडच्या मंडळीच्या पंचांगांत ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ राखलेला आहे. त्यांच्या विद्वत्तेविषयीं आपण पाठ्यपुस्तकांत वाचतों. त्यांच्या मातृत्वाविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. म्हणून हा लेख.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे वृद्ध झालेले, म्हणून संस्कृताचे पाठ मुलीनें घेतले ते आई लक्ष्मीबाईंपाशीं. पुढें अमेरिकेंत रमाबाईंनीं हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो १८८७ सालीं त्यांनीं या मातेच्याच स्मृतीस अर्पण केला. या लक्ष्मीबाईंचा अंत दुष्काळांत झाला. आईची भूक पाहवेना म्हणून रमा शेजारच्या घरीं बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागण्यास गेली. मागण्याची संवय नव्हती. तोंडांतून शब्द फुटेना, डोळ्यांतून नुसतीं आसवें वाहूं लागलीं. घरच्या बाईनें डोळे पुसून तुकडा दिला. पण तो घेऊन परत येते तों तापानें क्षीण झालेल्या आईला तो खाण्याची शक्ति उरली नव्हती. ही हकीकत रमाबाईंनीं स्वतःच लिहून ठेविली आहे, आणि त्यांचें पुढील सारें आयुष्य समजण्यास ती पुरेशी आहे असें मला वाटतें.

१८८० सालीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. १६ एप्रिल १८८१ रोजीं मनोरमा जन्मली. ती वर्षाचीही झाली नाहीं तोंच पति पटकीनें गेले. एका मुलीसह उरलेली ही विधवा १८८३ सालीं विलायतेस गेली व वॉन्टेज येथील धर्मभगिनींच्या आश्रमांत राहिली. तेथेंच त्याच वर्षीं २९ सप्टेंबरला मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला.

आतां खरी कसोटी आली. रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत शिकण्या-शिकविण्यास राहिल्या आणि मनोरमा वॉन्टेजला भगिनींपाशीं राहिली. भगिनी जेराल्डीन यांचा या मुलीवर फार लोभ होता. रमाबाई त्यांना पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. परंतु मुलीला धर्म कोणता व कसा शिकवावा यावरून दोघींत तीव्र मतभेद झाला. त्रैक्याचा सिद्धान्त व धर्माधिकाऱ्यांची सत्ता हीं रमाबाईंच्या बुद्धीस त्या वेळीं पटलेलीं नव्हतीं. जें आपल्याला पटलें नाहीं, तें आपल्या लेंकराच्या मुखीं घालूं नये असा त्यांचा आग्रह होता. शिवाय मनोरमेनें मडमीण होऊन स्वदेशाच्या लोकांना परकें मानावें, हें त्यांना मुळींच नको होतें. ज्यांच्या घरीं आसरा, ज्यांचें अन्न, त्यांच्यापुढें एका निराधार स्त्रीनें ‘मुलगी माझी आहे’ असें ठामपणें म्हणणें सोपें नव्हे. हीं पत्रें जेराल्डीनबाईंनीं जपून ठेविलीं आणि १९७७ सालीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. मोठ्या मुलांनीं तीं अवश्य वाचावीं. त्यांत कोणीच खलपुरुष नाहीं.

पण या नाण्याला दुसरी बाजूही होती. रमाबाई १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास अमेरिकेस गेल्या, व्याख्यानें देत हिंडूं लागल्या, तेव्हां कांहीं काळ मनोरमेला पुन्हा इंग्लंडांत ठेवावें लागलें. आईच्या कार्याची किंमत कांहीं अंशीं त्या बालिकेनें चुकती केली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन निघालें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास आलें. मध्यप्रांतांत १८९६–९७ चा दुष्काळ पडला, तेव्हां रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारें ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. भाकरीच्या तुकड्यासाठीं दाराशीं उभी राहिलेली ती मुलगी त्या विसरल्या नव्हत्या! केडगांवच्या माळावर मुक्तिसदन उभें राहिलें, आणि १९०० च्या सुमारास तेथील माणसांची संख्या १५०० पर्यंत गेली. मुली विणकाम, शेती, छपाई शिकत. आंधळ्या स्त्रियांसाठीं निराळें सदन होतें.

इतक्यांची आई झाल्यावर एकीची आई किती उरली असेल, असा प्रश्न मनांत येतो. त्याचें उत्तर मनोरमेच्या आयुष्यांत पाहावें. इंग्लंड-अमेरिकेंत शिकून ती मडमीण झाली नाहीं. पदवी घेतली, केडगांवास येऊन मुलींना शिकविलें, शारदासदनाची धुरा वाहिली आणि १९१२ सालीं गुलबर्गा येथें शाळा काढण्याच्या कामींही तीच पुढें होती. विवाह केला नाहीं. आईनंतर मुक्तीचा कारभार हीच पाहणार, असें सर्वांनीं धरलें होतें.

तसें घडावयाचें नव्हतें. २४ जुलै १९२१ रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षीं, मनोरमाबाई आईच्या आधीं गेल्या. रमाबाई त्या वेळीं हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करीत होत्या. अडाण्यांना समजेल असें मराठी त्यांना हवें होतें. कन्येच्या मृत्यूनंतरही तें काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. भाषांतर हातावेगळें झालें होतें. त्याचे खिळे मुक्तीच्या मुलींनींच जुळविले, कागद त्यांनींच छापले, आणि १९२४ सालीं तो ग्रंथ केडगांवच्या छापखान्यांतून बाहेर पडला.