अंगणातील पाखरे आणि नोंदवहीतील आकडे

उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात हिवाळा आला, की जमीन बर्फाखाली जाते आणि पाखरांना अन्न मिळणे कठीण होते. अशा वेळी कॅनडा आणि अमेरिकेतील असंख्य घरांच्या अंगणात सूर्यफुलाच्या बिया व चरबीच्या वड्या टांगलेल्या दिसतात. या जुन्या हौसेला शास्त्रशुद्ध मोजणीची जोड मिळाली ती १९७६ साली, कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात. लाँग पॉइंट पक्षी वेधशाळेने तेथे सुरू केलेली ही नोंद पुढे १९८७ च्या हिवाळ्यापासून कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या सहकार्याने खंडभर पसरली. ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ या नावाने ती आज ओळखली जाते.

या मोजणीचा नियम साधा, पण मार्मिक आहे. लागोपाठ दोन दिवस सवडीप्रमाणे निरीक्षण करावयाचे आणि प्रत्येक जातीचे एकाच वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले, तेवढाच आकडा लिहावयाचा. चिकडी नावाचा चिमुकला पक्षी एक बी उचलून झाडावर जातो आणि ती खाऊन पुन्हा येतो. सकाळी तीन, दुपारी पाच आणि सायंकाळी चार चिकडी दिसल्या, तर नोंद पाचाचीच होते, बाराची नव्हे. एकच पाखरू दोनदा मोजले जाण्याचा दोष यामुळे टळतो. पाखरे थोडी आली, तरी ती नोंदही तितकीच मोलाची असते. केवळ गजबजलेले दिवस लिहिले, तर घट कधीच ध्यानी येणार नाही.

अशा नोंदींचे मोल १९९४ च्या हिवाळ्यात प्रत्ययास आले. वॉशिंग्टन शहराच्या परिसरात ‘हाउस फिंच’ या पक्ष्याचे डोळे सुजून बंद झालेले आढळले. एका जिवाणूमुळे होणारा हा रोग पूर्वेकडील राज्यांत वेगाने फैलावला. त्याच्या प्रसाराचा माग घेण्यासाठी शास्त्रज्ञांना अंगणात बसून नोंद करणाऱ्या नागरिकांचे साहाय्य लाभले. अनेक भागांत या पक्ष्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. दाण्यांच्या भांड्यापाशी पाखरांची दाटी होते आणि तेथेच रोगास वाव मिळतो, हेही स्पष्ट झाले. म्हणून ही भांडी दर पंधरवड्यास स्वच्छ धुवावीत व आजारी पाखरू दिसल्यास काही काळ काढून ठेवावीत, असे सांगितले जाते.

महाराष्ट्रात बर्फ नाही. पण अंगण, शाळेचे आवार आणि गावचा पार आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जागतिक गणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे. येथे दाणे घालण्याची गरज नाही. किमान पंधरा मिनिटे एका ठिकाणी पाहून ओळखलेले पक्षी आणि त्यांची संख्या नोंदविली, की पुरे. पक्षिनिरीक्षकांच्या अशाच नोंदींच्या आधारे २०२३ च्या अहवालात देशातील ९४२ जातींच्या स्थितीचा आढावा घेण्यात आला.

गावात चिमण्या कमी झाल्या, असे सर्वत्र ऐकू येते. ते खरे की खोटे, याचा निर्णय आठवणींवर करता येत नाही. शाळेच्या आवारात दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच जागी, तेवढाच वेळ मोजणी करून ती एका वहीत लिहिली गेली, तर काही वर्षांनी गावाच्या हाती स्वतःचे उत्तर असेल. मात्र न पाहिलेला एकही पक्षी त्या वहीत असता कामा नये.