लोखंडाने गिळलेला प्राणवायू

एक सोपा प्रयोग करा. परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोहकीस भुरभुरा. तो काचेला चिकटेल. नळी पाण्याच्या भांड्यात उपडी उभी करून ठेवा. काही दिवसांत कीस गंजून तांबूस होईल आणि पाणी नळीत सुमारे एक-पंचमांश उंचीपर्यंत चढेल. नळीतल्या हवेचा प्राणवायू लोखंडाने गिळला!

हाच प्रयोग पृथ्वीने समुद्राएवढ्या भांड्यात केला आहे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. त्यातल्या जवळजवळ पहिल्या अर्ध्या काळात हवेत मुक्त प्राणवायू नव्हताच म्हणा ना! त्यामुळे समुद्रात लोह फेरस रूपात विरघळलेले राही. पुढे सायनोबॅक्टेरिया हे सूक्ष्मजीव सूर्यप्रकाशात पाण्याचे विघटन करून प्राणवायू सोडू लागले. पण तो हवेत साठणार कसा? समुद्रातले लोह त्याला आधीच गाठी. फेरसचे फेरिक होई, ते न विरघळता तळाशी बसे. लोहाचा थर, सिलिकाचा थर, पुन्हा लोहाचा, असे पट्टेदार खडक बनले. काही अतिप्राचीन थरांत मात्र प्राणवायूविना लोहाचे रूपांतर करणाऱ्या जीवाणूंचाही वाटा असावा.

हे खडक आमच्या नाशिकला सापडणार नाहीत. पांडवलेण्यांचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे त्यामानाने कालचाच. त्यासाठी गडचिरोलीतील सुरजागड, चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा किंवा गोवा गाठावा लागेल. गोव्यात तर पुढे पावसाच्या पाण्याने या खडकांतील बरेच सिलिका वाहून नेले आणि मागे समृद्ध लोहखनिज उरले.

सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पारडे फिरले. लोह आणि ज्वालामुखींचे वायू जेवढा प्राणवायू गिळत, त्याहून अधिक तयार होऊ लागला आणि उरलेला हवेत साठू लागला. त्या काळच्या अनेक सूक्ष्मजीवांना तो विषच होता! ते चिखलासारख्या प्राणवायूहीन जागी तगले. ज्यांनी त्याचा उपयोग करून घेतला, त्यांच्या वंशात आपण आहोत.

आता घरातला तवा पाहा. झोतभट्टीत कोकच्या साहाय्याने लोहखनिजातला प्राणवायू काढला, तेव्हा त्याचे लोखंड मिळाले. पावसाळ्यात तवा ओला राहिला की त्यावर तांबूस डाग पडतात. भट्टीने हिरावलेला प्राणवायू लोखंड हवेतून परत घेऊ लागते.