रीड कितीची?

दोन क्लॅरिनेटवादक पहिल्यांदा भेटले की संगीताच्या गप्पा नंतर, आधी प्रश्न येतो : ‘रीड कितीची?’ अडीच, तीन, साडेतीन असं आकड्यातलं उत्तर मिळतं आणि त्यात थोडी शेखीही असते. अडीचवाला पडेल आवाजात सांगतो, चारवाला छाती काढून. शिकवणीतही हाच समज मुरलेला आहे. पहिल्या वर्षी दोन नंबर, मग अडीच, मग तीन. नंबर चढला म्हणजे विद्यार्थी वर चढला. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कोणी पेढे वाटत नाही, रीडचा वाढला की मात्र वाटावेसे वाटतात.

रीड म्हणजे माउथपीसवर बसणारी, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी. मुळात तिचा हा आकडा जाडीचा नाहीच. एका प्रकारच्या सगळ्या रीड एकाच मापाने तासलेल्या असतात. व्हँडोरेन कंपनीच्या ‘व्ही १२’ रीडचं टोक ०.१० मिलिमीटर जाडीचं असतं, मग ती अडीचची असो की चारची. तासून झाल्यावर यंत्र प्रत्येक रीड किंचित वाकवतं, ती किती विरोध करते ते मोजतं आणि त्याप्रमाणे तिला गटात टाकतं. आकडा ठरतो तो शेतात. रीड ज्यापासून बनते ते अरुंडो डोनॅक्स हे बांबूसारखं दिसणारं उंच, पोकळ पेरांचं गवत दक्षिण फ्रान्सच्या व्हार भागात वाढतं. दोन वर्षांचं झालं की हिवाळ्यात तोडतात आणि पुढे उन्हात वाळवून सोनेरी होऊ देतात. ऊन, वारा, माती सारखी असली तरी दोन पेरांचा ताठपणा सारखा नसतो. म्हणून तर दहा रीडच्या खोक्यात दोन-तीन गाणाऱ्या निघतात, चार-पाच चालून जातात आणि उरलेल्या कपाटात पडून राहतात. त्यात कंपन्यांचे आकडेही आपापले. एकीची तीन नंबरची रीड दुसरीच्या साडेतीनच्या जवळ जाऊ शकते.

रीड एकटी वाजत नाही. माउथपीसच्या सपाट पाठीवर ती बांधलेली असते. ही पाठ टोकाकडे हळूच वळून रीडपासून दूर होत जाते आणि टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट राहते. वादकाच्या तोंडातला दाब रीडला फटीकडे ढकलतो, नळीतून परतणारी लाट तिला मागे लोटते. ही उघडझाप सेकंदाला शेकडो वेळा चालते. फुंकण्याचा जोर वाढवत नेला तर एका क्षणी रीड फट पूर्ण मिटवते आणि स्वर गुदमरतो. ध्वनिशास्त्राच्या साध्या सूत्रात हा मिटवणारा दाब म्हणजे रीडचा ताठपणा गुणिले फटीची उंची. त्यामुळे रुंद फटीवर मऊ रीड लावा किंवा अरुंद फटीवर ताठ रीड लावा, लागणारा जोर जवळपास तेवढाच. साडेतीनची रीड वाजवणारा अडीचवाल्यापेक्षा दमदार असतोच असं नाही. त्याची फट कदाचित फक्त अरुंद असेल.

फटीतले फरक डोळ्यांना दिसतही नाहीत. यामाहाच्या ‘४ सी’ची, म्हणजे असंख्य नवशिक्यांच्या पहिल्या माउथपीसची फट १.०५ मिलिमीटर. व्हँडोरेनचा ‘एम १३’ एक मिलिमीटरच्या किंचित वर, ‘५ आरव्ही’ १.०६५ आणि ‘बी ४५’ १.१९५. दोन टोकांतलं अंतर दोन दशांश मिलिमीटरही भरत नाही, पण एकावर खुलणारी रीड दुसऱ्यावर हलत नाही. शिवाय वळण कुठून सुरू होतं हेही पाहावं लागतं. ते लांबून सुरू झालं तर रीडचा जास्त भाग हलतो, हाताळायला ती मऊ लागते आणि ताठ रीड चालून जाते.

आज सर्रास घेतलं जाणारं व्हँडोरेन हे नाव मूळचं एका वादकाचं. युजीन व्हान डोरेन पॅरिस ऑपेराच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचा. स्वतःसाठी रीड तासता तासता तो सहकाऱ्यांना पुरवू लागला आणि १९०५ मध्ये त्याचा व्यवसाय उभा राहिला. १९३५ मध्ये सूत्रं मुलगा रॉबर्टकडे आली, तोही क्लॅरिनेटवादकच. कारखानदार स्वतः वाजवणारा असला की मापांच्या मागे कान असतो, असं मला वाटतं.

मापांवर एकमत मात्र कधीच नव्हतं. अठराव्या शतकात बरेच वादक माउथपीस उलटा धरत, म्हणजे रीड वरच्या ओठाला लागे. ती खाली असावी असा आग्रह धरणाऱ्यांत इवान म्युलर आघाडीवर होता; १८१२ च्या सुमाराला तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट पॅरिसमध्ये घेऊन गेलेला हाच तो. इटलीत जुनी रीत त्यानंतरही पुष्कळ टिकली. जर्मन आणि ऑस्ट्रियन घराण्यांत फट अरुंद, वळण लांब, आणि धातूच्या पट्टीऐवजी रीड दोऱ्याने गुंडाळून बांधण्याची पद्धत आजही आहे. त्यातून गोळीबंद, गडद स्वर मिळतो. तो हवा असेल त्याला ही जोडी हवी.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क, १२ फेब्रुवारी १९२४. त्या दिवशी पहिल्यांदा सादर झालेल्या ‘रॅप्सडी इन ब्लू’ची सुरुवात संगीतकार गर्श्विनने सुट्या स्वरांची चढती तान म्हणून लिहिली होती. क्लॅरिनेटवादक रॉस गॉर्मनने तालमीत गंमत म्हणून ती सलग घसरत नेली. गर्श्विनला ती इतकी आवडली की तशीच ठेवली. आपण तिला मींड म्हणू. ती बोटं भोकांवरून सरकवून आणि घशाचा-जिभेचा आकार बदलून काढतात. रुंद फट आणि फार ताठ नसलेली रीड स्वराला वाकायला जागा देते. ताठ जोडी स्वर जिथल्या तिथे धरून ठेवते. सिंफनीत हा गुण ठरतो, मींडेत अडचण.

आपल्याकडच्या वादकाला हे उमजायला हवं. मास्टर इब्राहिम यांनी चित्रपटगीतं क्लॅरिनेटवर वाजवून ७८ आरपीएमच्या तबकड्या भरल्या, त्यांत शब्दांची जागा मींडेने घेतली आहे. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत बँडमध्ये उघड्यावर वाजवणाऱ्याला आवाजाचा पल्ला हवा. बंद सभागृहात मोत्सार्ट वाजवणाऱ्याला हळुवार स्वर अलगद सुरू होण्याची खात्री हवी. या तिघांना एकच आकडा सुचवणारा विक्रेता एक तर घाईत असतो किंवा त्याच्याकडे तेवढाच माल असतो.

दुकानात माउथपीस पारखताना बहुतेकांची गफलत एकच. खिशातली सवयीची रीड सगळ्या माउथपीसवर लावून पाहतात. त्या परीक्षेत पास होतो तो जुन्या माउथपीसच्या जवळच्या मापाचा, चांगला असेलच असं नाही. दोन-तीन नंबरच्या रीड बरोबर न्याव्यात आणि प्रत्येक माउथपीसला त्याची जोडीदार आधी शोधून द्यावी. नुसता माउथपीस आणि बॅरल, म्हणजे त्याच्या खालचा आखूड तुकडा, जोडून फुंकलं तर पियानोवरच्या एफ शार्पच्या आसपास स्थिर स्वर यायला हवा. तो खाली लोंबत असेल तर रीड मऊ आहे किंवा ओठांची पकड सैल. वरच्या सप्तकात स्वर उतरतो, जोरात फुंकलं की आवाज चेपतो, ही मऊपणाची लक्षणं. स्वरासोबत हवेची फसफस ऐकू येते, हळू सुरुवात करता येत नाही, तासाभराने खालचा ओठ हुळहुळतो : रीड जास्त ताठ आहे. जॅझचा क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन चाळिशीच्या सुमाराला, जगप्रसिद्ध झाल्यावर, क्लॅरिनेटवादक रेजिनाल्ड केल यांच्याकडे शिकायला गेला आणि दोन्ही ओठ दातांवर घेऊन वाजवू लागला. या पद्धतीत चावून काम निभावता येत नाही. रीड जड आहे की नाही, हे पाच मिनिटांसाठी तसं वाजवून पाहिलं तरी कळतं.

अर्ध्या नंबरासाठी लगेच नवं खोकं घेण्याचंही कारण नाही. रीड केसभर वर सरकवली की ताठ लागते, केसभर खाली घेतली की मऊ. कोकणातल्या पावसाळ्यात ती फुगते, विदर्भाच्या उन्हाळ्यात टोक लाटेसारखं वाकतं. दोष नंबराला देण्याआधी रीड मिनिटभर ओली करून पाहावी. चार-पाच रीड आलटून पालटून वापरल्या तर जास्त टिकतात. १९९८ पासून लेजेअर ही कॅनडाची कंपनी पॉलिप्रॉपिलीनच्या रीड बनवते, त्यांना दमटपणाचं काही नाही. पण एकीलाच नैसर्गिक रीडच्या खोक्याच्या आसपास पैसे पडतात. मिरवणुकीसाठी मी तीच घेईन, मैफलीसाठी अजून गवताचीच.

माउथपीस बहुधा इबोनाइटचा, म्हणजे कडक केलेल्या रबराचा असतो. गरम पाण्याने धुतला तर रंग उडून हिरवट-तपकिरी पडतो. वाद्य पुसायचं दोरीचं फडकं रोज त्यातूनही ओढत राहिलं तर आतल्या कडा वर्षानुवर्षं झिजतात. मग आवडत्या खोक्यातली रीडही पूर्वीसारखी बोलेनाशी होते आणि वादक कंपनीने माल बिघडवला म्हणत दुसऱ्या नंबरचं खोकं मागवतो.