नॉर्थॅम्प्टनशायर : मराठी नव्या कराराचं आजोळ



हल्ली आपल्यातले पुष्कळ जण मुलांकडे इंग्लंडला जातात आणि लंडन पाहून परत येतात. पुढच्या खेपेला एक दिवस काढा. लंडनहून आगगाडीने तासाभरावर नॉर्थॅम्प्टनशायर ही काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच, आहे.

इथे समुद्र नाही, उंच डोंगरही नाहीत. बुटक्या टेकड्या, हिरवी कुरणं आणि गावोगावी चर्चचे निमुळते मनोरे. नेन नदी इथेच उगम पावून उत्तर समुद्राकडे जाते. गुरांची कातडी, ती कमवायला ओकची साल आणि नदीचं पाणी सगळं हाताशी, म्हणून जोड्यांचा धंदा इथे वाढला. ब्रिक्सवर्थचं चर्च हजार वर्षांहून जुनं. त्याच्या कमानींत रोमन विटा दिसतात. १२९० साली वारलेल्या एलिनॉर राणीचा दगडी स्मारकस्तंभ गेडिंग्टनला आहे. आल्थॉर्पला तळ्यातल्या बेटावर राजकन्या डायानाला मूठमाती दिली.

पण आपल्यासाठी मोठी जागा म्हणजे पॉलर्सपरी गाव. विल्यम कॅरी १७६१ साली इथे जन्मले. जोडे शिवून पोट भरायचे. १७८३ साली नेन नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मोल्टनला ते शाळा चालवत, जोडे शिवत आणि उपदेशही करत. तिथलं त्यांचं लहानसं घर जपून ठेवलंय; जायच्या आधी चौकशी मात्र करा. केटरिंगला एका विधवा बाईंच्या घरी २ ऑक्टोबर १७९२ रोजी बाप्टिस्ट मिशनची स्थापना झाली. त्या दिवशी वर्गणी कबूल झाली ती १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स!

पुढच्याच वर्षी कॅरी निघाले. ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नव्हता, म्हणून डॅनिश जहाजातून आले. पुढे बंगालात श्रीरामपूरच्या छापखान्यातून त्यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये, शब्दकोश १८१० मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला. या कामात वैजनाथ पंडितांची त्यांना मोठी मदत झाली.

‘तुमचा धर्म साहेबाचा’ असं कुणी थट्टेत म्हटलं की आपली पोरं गप्प बसतात. त्यांना सांगा, मराठी नवा करार पहिल्यांदा छापणारा माणूस जोडे शिवणारा होता, साहेबाच्या कंपनीला तो नकोच होता, आणि त्याच्या शेजारी एक मराठी पंडित बसला होता. शेजाऱ्यांनाही हे सांगा. हा वारसा त्यांचाही आहे.