बक्षिसे कोणास व कशाबद्दल?

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले म्हणजे गावोगावच्या प्राथमिक शाळांतून स्नेहसंमेलनांची व त्यांच्याच जोडीने बक्षीस-समारंभांची गडबड उडते. पाहुण्यांस शाल-श्रीफळ होते, अध्यक्षांचे भाषण होते आणि मग यादी वाचली जाते. यादीतील नावे बहुधा गेल्या वर्षीचीच असतात. चाळीस मुलांच्या वर्गातून तीनचार मुले उठतात, पेला किंवा प्रशस्तिपत्र घेऊन जागेवर परत येतात, आणि उरलेली छत्तीस मुले टाळ्या वाजविण्याच्या कामी येतात. या बक्षिसांचा पैसा पुष्कळ ठिकाणी आमच्या पेठांतूनच गेलेला असतो. कोणी अडत्याने, कोणी सराफाने, कोणी कापडवाल्याने वडिलांच्या अगर मातुःश्रींच्या स्मरणार्थ शाळेकडे ठेव ठेवलेली असते, व तिच्या व्याजातून ‘प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यास’ बक्षीस द्यावे असे दानपत्रात लिहिलेले असते. दात्यांच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती त्या वाक्यातील पहिल्या दोन शब्दांविषयी.

पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत प्रथम क्रमांक कोणाचा येतो? ज्याच्या घरी पाटीच्या आधी पुस्तक पोचलेले असते, ज्याची आई त्यास संध्याकाळी जवळ घेऊन वाचावयास बसविते, ज्यास सकाळी धाकट्या भावंडास सांभाळावे लागत नाही, त्याचा. त्या मुलाची हुशारी खोटी असे आमचे म्हणणे नाही. परंतु बक्षीस नसते तरी तो शिकलाच असता. बक्षिसाने ज्यास शाळेकडे ओढावयाचे, तो शेवटच्या रांगेत बसलेला असतो, आणि आपणास ते कधी मिळणार नाही हे तो सात वर्षांच्या वयातच ओळखून चुकलेला असतो. सात वर्षांच्या मुलास हा धडा शिकविण्याकरिता कोणी ठेव ठेवीत नाही. पण घडते ते हेच.

मुलांस मानाची लालूच दाखवून वळवावे ही कल्पना आम्ही इंग्रजांपासून उचलली असे कित्येक समजतात. तसे नाही. मद्रास इलाख्यातील बल्लारीचा कलेक्टर ए. डी. कॅम्पबेल याने १८२३ साली आपल्या जिल्ह्यातील देशी शाळांविषयी जो अहवाल लिहिला, त्यात एक चाल नमूद आहे. सकाळी जो मुलगा सर्वांआधी शाळेत येई त्याच्या तळहातावर सरस्वतीचे नाव लिहीत. दुसऱ्याच्या हातावर शून्य काढीत. म्हणजे त्यास मानही नाही आणि दोषही नाही. तिसऱ्यास छडीचा एक हलका फटका, चौथ्यास दोन, आणि अशीच पुढे वाढ. सरस्वतीच्या नावाचे हे बक्षीस मोठे सुंदर, आणि त्यास कवडीचाही खर्च नाही. पण हिशेब पाहा: मान एकास, माफी एकास आणि बाकीच्या सर्वांस छडी. ज्याचे घर गावाच्या टोकास, त्याने रोज किती फटके खाल्ले असतील याचा विचार वाचकांनीच करावा.

त्याच अहवालात कॅम्पबेलने दुसऱ्या एका चालीची मनापासून स्तुती केली आहे. ती अशी की, पुढे गेलेली मुले मागच्या मुलांस शिकवीत. इंग्लंडने तिचे जे अनुकरण केले ते योग्यच झाले, असे त्याने लिहून ठेविले. १७८९ सालापासून मद्रासेतील अनाथ मुलांच्या शाळेवर देखरेख करणारा डॉक्टर बेल याने ही पद्धत तेथे चालविली व १७९७ साली लंडनमध्ये तिच्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. लंडनच्या बरो रोडवर जोसेफ लँकेस्टर यानेही शेकडो गरीब मुले याच धर्तीवर शिकविली. मात्र लँकेस्टरने त्यास बक्षिसांचा मोठा पसारा जोडला: चांगल्या कामास तिकिटे, तिकिटांच्या बदल्यात चेंडू, पतंग व खेळणी, आणि वर रुप्याची पदके. आणि चुकणाऱ्यास? गळ्यात लाकडाचा ओंडका, नाहीतर टोपलीत घालून छताशी टांगणे. बक्षीस आणि अपमान ही एकाच दुकानातली दोन मापे असतात, ती अशी. (हिशेबात हा गृहस्थ अगदीच कच्चा होता, १८०८ साली त्याची शाळा कर्जातून इतरांस सावरावी लागली.) आमच्या देशातून एक चांगली गोष्ट गेली, म्हणजे मुलाने मुलास शिकविणे. परत आली ती पदके घेऊन; आणि आम्ही पदके ठेवून घेऊन मूळ गोष्ट विसरलो.

यावर कोणी म्हणेल की, ही जुनी रडगाणी झाली. बक्षिसाने मुले शिकतात हे तर डोळ्यांनी दिसते. दिसते खरे, पण किती काळ? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन व निस्बेट या तिघा पंडितांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांस रंगीत लेखण्यांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती अशी तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काहींस आधीच सांगितले की, चित्र काढाल तर सोनेरी मोहर व तांबडी फीत लावलेले मानपत्र मिळेल. काहींस काहीच न सांगता चित्र झाल्यावर अचानक तेच मानपत्र दिले. बाकीच्यांस काही दिले नाही. एकदोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण काय करतो हे पाहिले, तेव्हा बक्षीस आधी कबूल केलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत घालवीत होती. ज्यांस ते अकस्मात मिळाले त्यांची आवड मात्र जशीच्या तशी होती. कामाचा भाव ठरला म्हणजे भाव बंद होताच काम बंद होते, हे व्यापारी वर्गास आम्ही समजावून सांगावे असे नाही.

याच विचाराच्या टोकास जाऊन काही थोर शिक्षकांनी बक्षिसेच बंद केली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले, तेव्हा त्यांच्या मदतनीस बाई चांगल्या मुलाच्या छातीवर मानाचा क्रूस लावीत व खोडकर मुलास खुर्चीत बसवून ठेवीत. एके दिवशी मान मिळालेल्या मुलाचा क्रूस खाली पडला. तो आपल्या कामात इतका गढला होता की त्यास त्याची पर्वाच नव्हती. शिक्षा झालेल्या मुलाने मात्र तो उचलून मोठ्या समाधानाने मिरविला. ज्यास काम गोड लागले त्यास बिल्ला नको असतो, हे त्या बाईंनी तेथे ओळखले. वकिली सोडून भावनगरास पंतोजी झालेले गिजुभाई बधेका यांनी, आणि त्यांच्याबरोबर १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापून पुढे बोर्डी व कोसबाड येथे वारली मुलांपर्यंत बालशिक्षण नेणाऱ्या ताराबाई मोडक यांनी हाच मार्ग आमच्याकडे रुजविला. (वकील आपला धंदा सोडून शाळेत गेला म्हणजे समाजाचे नुकसान झाल्याचे एकही उदाहरण आमच्या ऐकिवात नाही.)

असे असूनही सरसकट बक्षिसे बंद करा असे आम्ही म्हणणार नाही, आणि त्यास कारण आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्यात शूद्रातिशूद्रांच्या मुलांस शिक्षणाची गोडी लागावी म्हणून शिष्यवृत्त्या व सहामाही अगर वार्षिक बक्षिसे देण्याची मागणी आहे. ज्या घरात अक्षर कधी शिरले नाही तेथे ‘विद्येचा आनंद हेच बक्षीस’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसास भुकेचे महत्त्व सांगणे होय, हे जोतीराव जाणून होते. महाराष्ट्र सरकारने १९९२ साली दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीत शिकणाऱ्या मुलींकरिता हजेरीच्या प्रत्येक दिवशी एक रुपया देण्याची योजना काढली. रुपया तो किती! तरी तिच्यातील तत्त्व पाहण्यासारखे आहे. येथे पहिली कोणी नाही आणि शेवटचीही कोणी नाही. जी आली तिला मिळाला. जे करणे प्रत्येक मुलाच्या हाती आहे त्याबद्दल बक्षीस, हीच आमच्या मते खरी कसोटी.

दुसरी कसोटी याहून मोठी आहे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे, आणि शिपायाने नळ सोडल्यावाचून त्यास पाणी मिळत नसे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे. अशा वर्गात त्या मुलास पहिल्या क्रमांकाचा पेला दिला असता तर काय साधले असते? मुलास शाळेत टिकविते ते, आपण या वर्गातले आहोत, आपल्यावाचून वर्गाचे अडते, ही भावना. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली त्याच साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. तेथे मुले एकत्र राबत आणि एकत्र जेवत. रयतेची पोरे तेथे टिकली व शिकली, ती पेल्यांच्या आशेने खास नव्हे.

आता ही एकी चौथीच्या वर्गात रोजच्या रोज कशी आणावी? १९६९ साली अमेरिकेच्या कॅन्सस प्रांतातील चौथीच्या एका दंगेखोर वर्गावर केलेला एक साधा उपाय प्रसिद्ध झाला. वर्गाचे दोन संघ पाडले. शिस्त मोडली की त्या संघाच्या नावे फळ्यावर खूण. खुणा ठराविक संख्येच्या आत राहिल्या तर संघ जिंकला. मौज अशी की, दोन्ही संघ एकाच दिवशी जिंकू शकत. बक्षीस म्हणजे काय, तर एखादी फीत आणि दिवसाच्या शेवटी थोडा मोकळा वेळ. दंगा झपाट्याने कमी झाला. बाल्टिमोर शहरात १९८५ पासून पहिलीच्या वर्गांत हाच खेळ खेळवून त्या मुलांचा तरुणपणापर्यंत माग काढला, तेव्हा विशेषतः दांडग्या मुलांत पुढे व्यसनांचे प्रमाण कमी आढळले. मात्र आमची एक सूचना आहे. एकाच्या चुकीने सर्वांचे बक्षीस जाते असे झाले, की पोरे त्या एकावर तुटून पडतात. आणि तो एक बहुधा आधीच दुबळा असतो. म्हणून खुणा चुकांच्या करू नयेत, चांगल्या गोष्टींच्या कराव्यात. शिक्षकाने टेबलावर काचेची बरणी ठेवावी. कोणी मागे पडलेल्या सोबत्यास पाढे पाठ करून दिले, आजारी मुलाच्या घरी अभ्यास पोचविला, सबंध वर्ग वेळेवर हजर झाला, की एक चिंचोका बरणीत टाकावा. बरणी भरली की सर्व वर्गास गोष्टीचा तास, नाहीतर शेतावर हुरडा. टाकलेला चिंचोका मात्र शिक्षा म्हणून कधीही बाहेर काढू नये.

शिक्षकाच्या जिभेवर जे बक्षीस आहे त्याचाही आम्हांस विसर पडतो. एलिझाबेथ हरलॉक या विदुषीच्या १९२५ सालच्या प्रयोगात गणिताबद्दल रोज शाबासकी मिळालेली मुले सतत पुढे गेली. चारचौघांत रागे भरलेली मुले प्रथम सुधारली व लवकरच घसरली. आणि ज्यांच्याकडे कोणी लक्षच दिले नाही त्यांची प्रगती नाममात्र झाली. शाबासकी कशाबद्दल द्यावी हेही पुढे तपासले गेले. ‘तू हुशार आहेस’ असे ऐकलेली मुले पुढे सोपीच गणिते मागतात व एकदा चुकली की खचतात; ‘तू मेहनत केलीस’ असे ऐकलेली मुले अवघडास हात घालतात, असे म्यूलर व ड्वेक यांना १९९८ साली आढळून आले. ‘तीनदा खोडलेस आणि चौथ्यांदा बरोबर आणलेस’ हे वाक्य उच्चारावयास कोणत्याही ठेवीची गरज नाही.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने, कलम १७ अन्वये, मुलास मारणे व मानसिक छळ करणे या दोहोंस बंदी केली. उत्तम केले. परंतु शिक्षकाच्या हातातील छडी काढून घेताना त्या हातात दुसरे काय दिले, याचा विचार सरकारनेही पुरा केला नाही आणि समाजाने तर मुळीच केला नाही. रिकाम्या हाताचा शिक्षक टोमण्याकडे वळतो, व टोमणा छडीपेक्षा खोल जातो. येथे आमच्या व्यापारी बंधूंस करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यास जादा पैसाही लागत नाही. फक्त दानपत्राचा मसुदा बदलावा लागतो. शाळेने ठेव एकदा अटीवर स्वीकारली म्हणजे तिचे व्याज त्या अटीप्रमाणेच खर्चावे लागते. तेव्हा जे लिहावयाचे ते आरंभीच नीट लिहिले पाहिजे. आमच्या मते मसुदा असा असावा: ‘या ठेवीच्या व्याजातून, ज्या वर्गातील एकाही मुलाने वर्षात शाळा सोडली नाही, अशा प्रत्येक वर्गास त्याच्या मालकीची गोष्टींची पुस्तके घेऊन द्यावी, व ती कोणती हे त्या वर्गातील मुलांनी ठरवावे.’ आईबापांची बदली अगर ऊसतोडीचे स्थलांतर यामुळे गेलेले मूल शाळा सोडलेले धरू नये, एवढे आणखी एक वाक्य घालावे, नाहीतर बीड-नगरकडील एकही वर्ग पात्र ठरणार नाही. ज्यांच्या ठेवी पूर्वीच दिलेल्या आहेत त्यांनी जुनी अट तशीच राहू द्यावी व पुढे जी भर घालतील ती या नव्या अटीवर घालावी. नवे वर्ग जूनमध्ये भरतात. मुख्याध्यापकांकडे मसुदा वैशाखातच पोचला पाहिजे.