दुसऱ्या गटाला काय दिलं?

बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावरची निम्हान्स ही संस्था देशाला मनाच्या आजारांसाठी ठाऊक आहे. मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या आजारांनी अंथरुणाला खिळलेल्या माणसांना पुन्हा उभं करणारा एक विभागही तिथे आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. या विभागातल्या डॉक्टरांनी २०१६ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. अर्धांगवायूचा झटका येऊन काही महिने उलटलेले ४५ रुग्ण त्यांनी घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाने जमिनीवर चालण्याचा नेहमीचा सराव केला, दुसऱ्याने ट्रेडमिलवर. तिसऱ्या गटालाही ट्रेडमिलच होती, पण अंगाला पट्टे बांधून शरीराचं काही वजन यंत्राने वरच्या वर तोलून धरलेलं. चार आठवड्यांत वीस सत्रं झाली. रुग्ण सुधारले, पण पट्ट्यांच्या यंत्रावर चालणारे इतरांच्या पुढे गेले नाहीत.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. केवळ तिसरा गट घेऊन, आधी किती चालत होते आणि नंतर किती चालले एवढंच मोजलं असतं, तर यंत्राचा जयजयकार झाला असता आणि प्रत्येक गावातल्या पुनर्वसन केंद्राला ते यंत्र नसल्याची लाज वाटली असती. यंत्र सरस ठरत नाही, हे अमेरिकेतही दिसलं होतं. २०११ साली ४०८ रुग्णांवरची ‘लीप्स’ ही मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात यंत्रावर चालण्याची तुलना फिजिओथेरपिस्टने घरी येऊन करून घेतलेल्या व्यायामाशी केली होती. वर्षाअखेरीस एकूण ५२ टक्के रुग्णांचं चालणं वरच्या पायरीवर गेलं, आणि घरी व्यायाम करणारे त्यात मागे नव्हते.

व्यायामाच्या आणि पुनर्वसनाच्या उपचारांची परीक्षा गोळीच्या परीक्षेहून अवघड असते. गोळीसारखीच दिसणारी साखरेची गोळी करता येते. व्यायामाची अशी नक्कल करता येत नाही. कोण कुठल्या गटात आहे हे रुग्णाला कळतं, उपचार करणाऱ्यालाही कळतं. शिवाय शरीर स्वतःहूनही सावरत असतं. अर्धांगवायूनंतरची बरीच सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते. कंबरदुखी चढते-उतरते, माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणं शिगेला पोचल्यावर, म्हणजे पुढच्या पंधरवड्यात ते काही ना काही उतरणारच असतं. त्यात रोज कुणी आपुलकीने विचारपूस करतं, पाय हातात घेऊन हलवतं, त्याचाही गुण येतो. या सगळ्यातून उपचाराचा स्वतःचा गुण वेगळा काढायचा, तर तसाच दुसरा गट हवा, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायला हवं. मोजमाप घेणाऱ्याला गट ठाऊक नसावा. म्हणून अशा चाचणीचा अहवाल हाती आला की मी आधी शोधतो ते हे, की दुसऱ्या गटाला काय दिलं.

बेंगळुरूतल्या योगाच्या चाचण्या ओळीने वाचल्या तर याच प्रश्नाचा इतिहास हाती लागतो. योगाला प्रयोगशाळेत नेण्याची सुरुवात आपल्याकडची. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचं नियतकालिक सुरू केलं. आसनं करताना शरीरात काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासलं. मात्र शरीरात बदल होतो हे दाखवणं निराळं आणि रोग्याला त्याने गुण येतो हे दाखवणं निराळं. दुसऱ्या कामातला एक ठळक टप्पा १९८५ साली बेंगळुरूच्या आर. नागरत्ना आणि एच. आर. नागेंद्र यांनी गाठला. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा दम्यावरचा अभ्यास आला. ५३ रुग्णांना दोन आठवडे योग शिकवला आणि रोज ६५ मिनिटं करायला सांगितला. वय, लिंग आणि दम्याची तीव्रता जुळणाऱ्या दुसऱ्या ५३ जणांची नेहमीची औषधं तेवढी चालू राहिली. योग करणाऱ्यांचे झटके कमी झाले, औषधंही कमी लागली.

त्या काळात हे धाडसाचं काम होतं, आणि ते तसंच मोजलं पाहिजे. तरीही दुसऱ्या गटाला दोन आठवड्यांचा सहवास मिळाला नव्हता, शिक्षकाचं लक्षही नव्हतं. गुण आसनांचा, श्वासाचा की सहवासाचा, हे त्यातून वेगळं करता येत नाही.

पुढच्या पिढीने ही उणीव ओळखली. २००८ साली बेंगळुरूबाहेरच्या जिगणीजवळच्या एस-व्यास या योगसंस्थेतून कंबरदुखीवरची चाचणी प्रसिद्ध झाली. ८० रुग्ण, सगळे आठवडाभर त्याच निवासी आवारात. अर्ध्यांना योग, अर्ध्यांना शारीरिक व्यायाम. म्हणजे मुक्काम आणि देखरेख दोघांनाही सारखीच मिळाली. तरी योगाच्या गटाची कंबर अधिक मोकळी झाली आणि रोजच्या हालचालींतली अडचण अधिक कमी झाली. निम्हान्समध्ये २००७ साली ६१ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर, औषधं चालू ठेवून, योग आणि व्यायाम यांची चार महिने तुलना झाली होती. २०१२ साली तिथल्याच मंडळींनी सुमारे १२० रुग्णांचे तीन गट केले: योग, व्यायाम, आणि प्रतीक्षा यादीत ठेवलेल्यांचा गट. रुग्ण गप्प राहणं, कशातच मन न रमणं ही त्या आजारातली हट्टी लक्षणं. ती योगाच्या गटात अधिक हलली. १९८५च्या अभ्यासाशी ही चाचणी ताडून पाहावी. पंचवीस-सत्तावीस वर्षांत या शहराने प्रश्न किती अधिक नेमकेपणाने विचारायला घेतले, ते दिसतं.

एक खटकतं ते मोजपट्ट्यांबद्दल. कंबरदुखीच्या चाचण्यांत ऑस्वेस्ट्री प्रश्नावली सर्रास वापरतात. तिच्यात बसण्याबद्दल विचारतात ते खुर्चीत बसण्याबद्दल. मांडी घालून जेवता येतं का, उकिडवं बसून शौचाला जाता येतं का, हे ती विचारत नाही. आपल्या माणसाचं निम्मं दुखणं तिथेच असतं. ही प्रश्नावली नुसती मराठीत किंवा कन्नडमध्ये आणून भागणार नाही, तिच्यात आपलं घर यायला हवं.

आता पुनर्वसनाच्या देशातल्या एका मोठ्या प्रयत्नाकडे येऊ. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट थोडे, आणि अर्धांगवायूचा रुग्ण घरी गेला की सगळा भार बायको, सून, मुलगा यांच्यावर पडतो. मग त्यांनाच शिकवलं तर? ‘अटेंड’ या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० रुग्ण होते. एका गटाच्या घरच्यांना रुग्णालयातच प्रशिक्षण सुरू झालं, आणि घरी गेल्यावरही दोन महिन्यांपर्यंत ते चालू राहिलं. दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा मिळाली. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण या गटात ४७ टक्के, त्या गटातही ४७ टक्केच.

या निकालाने अनेकांची निराशा झाली असेल. पण विचार करा, चाचणी झालीच नसती तर काय झालं असतं? कल्पना स्वस्त आहे, मनाला पटणारी आहे; एखाद्या सरकारी योजनेत ती सहज गेली असती. रुग्ण चालला नाही की दोष सुनेवर आला असता, ‘शिकवलं होतं, केलं नाही’ म्हणून. त्या आकड्याने घरच्यांना या आरोपातून सोडवलं, आणि प्रशिक्षित माणसं नेमण्याची जबाबदारी जिथली तिथे ठेवली. मनाला पटणारी गोष्ट उलटही निघते. झटका आल्यावर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून चालवावं, असं पुष्कळांना वाटत होतं. २०१५ साली पाच देशांतल्या २,१०४ रुग्णांवरची ‘एव्हर्ट’ चाचणी आली. लवकर आणि जास्त उठवलेल्यांत चांगली सुधारणा ४६ टक्क्यांना झाली, नेहमीच्या पद्धतीत ५० टक्क्यांना.

गल्लीतल्या दवाखान्यात ‘करंट लावणं’, अल्ट्रासाउंडचा शेक, कमरेला वजन लावणं हे अजून जोरात चालू आहे. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी हे तिन्ही देऊ नका असं सांगितलं, व्यायाम मात्र द्या म्हणाली. यंत्राखाली पडून राहण्यात रुग्णाला उपचार झाल्यासारखं वाटतं, हे खरं. पण त्या वेळेचे पैसे तो भरतो, आणि त्याच वेळात त्याला व्यायाम शिकवता आला असता.

बेंगळुरूत फिजिओथेरपीची महाविद्यालयं पुष्कळ आहेत. बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडची मुलंही तिथे शिकायला जातात. पदव्युत्तर शिक्षणात प्रत्येकाला प्रबंध करावा लागतो, आणि तो बहुधा तीस-चाळीस रुग्णांवरची काही आठवड्यांची चाचणी असतो. मुलं मेहनत करतात, पण एवढ्या रुग्णांतून लहानसहान फरक दिसूच शकत नाही, आणि चार आठवड्यांनंतर रुग्णाचं काय झालं हे कुणी विचारत नाही. नव्या औषधाच्या चाचणीला औषध महानियंत्रकांची परवानगी लागते, व्यायामाच्या चाचणीला नीतीसमितीची मान्यता पुरते. निदान भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २००७ साली सुरू केलेल्या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीने १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी व्हावी असं बंधन घातलं. त्यामुळे निकाल बघून प्रश्न बदलणं अवघड झालं.

माझी सूचना साधी आहे. दहा महाविद्यालयांनी एकाच प्रश्नावर, एकाच मोजपट्टीने, प्रत्येकी तीस रुग्ण घ्यावेत. ३०० रुग्णांची चाचणी होईल. गुडघेदुखीसाठी जिन्यावरचा सराव की मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, असा साधा प्रश्न घ्यावा, वर्षभराने फोन करून विचारावं, आणि दोन्ही गटांना तेवढाच वेळ, तेवढंच लक्ष द्यावं. दहाही महाविद्यालयांतले विद्यार्थी मिळून हे करू शकतील, आणि प्रबंधावर त्या सगळ्यांची नावं घालायला विद्यापीठाने मान्यता द्यावी.