लोखंडाची वाटणी आणि लहरींची वाटणी

भारतातील मोबाइल कंपन्यांनी आधी मनोरे वाटून घेतले आणि रेडिओ लहरींचे पट्टे, म्हणजे स्पेक्ट्रम, मात्र दीर्घकाळ आपापल्या ताब्यात ठेवले. 2008 ते 2024 या काळाचा मागोवा घेता विजेची मोठी बचत त्यामुळे लांबणीवर पडली, असे दिसते. मनमाड ज्या ‘महाराष्ट्र सर्कल’मध्ये, म्हणजे मुंबई वगळता राज्य आणि गोवा मिळून झालेल्या परवाना क्षेत्रात मोडते, तेथेही हाच क्रम राहिला.

2008 च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर सामाईक मनोऱ्यांना चालना मिळाली आणि भारनियमनाच्या त्या वर्षांत एकाच डिझेल जनरेटरवर अनेक कंपन्यांची यंत्रणा चालू लागली. तथापि प्रत्येकीचा प्रक्षेपक वेगळाच राहिला. मनोऱ्यावरील यंत्रणेत सर्वाधिक वीज शक्तिवर्धक, म्हणजे अँटेनाकडे जाणारा संदेश बलवान करणारा भाग, खर्च करतो आणि फोन चालू नसले तरी प्रक्षेपकाचा किमान वीजखर्च थांबत नाही. गणितज्ञ शॅनन यांच्या 1948 च्या सूत्रानुसार वहनक्षमता पट्ट्याच्या रुंदीबरोबर सरळ वाढते, पण शक्तीबरोबर अगदी संथपणे. म्हणून 5-5 मेगाहर्ट्झचे दोन पट्टे जोडल्यास तेवढीच माहिती कमी शक्तीत जाते आणि रात्री एक प्रक्षेपक बंद ठेवता येतो.

पट्टे जोडण्याची ही वाट मात्र लवकर खुली झाली नाही. 2010 च्या 3जी लिलावात महाराष्ट्र सर्कलमध्ये टाटा, आयडिया आणि व्होडाफोन यांना पट्टे मिळाले, एअरटेलला मिळाले नाहीत. ही उणीव कंपन्यांनी परस्परांच्या जाळ्यावर ग्राहक चालवण्याच्या करारांनी भरून काढली. दूरसंचार विभागाने डिसेंबर 2011 मध्ये या करारांना हरकत घेतली, तर एप्रिल 2014 मध्ये दूरसंचार लवादाने कंपन्यांच्या बाजूने निर्णय दिला. सप्टेंबर 2015 मध्ये स्पेक्ट्रमच्या वाटणीला रीतसर मुभा मिळाली खरी, पण ती एकाच बँडपुरती, म्हणजे एकाच वारंवारता-गटातील पट्ट्यांपुरती, होती आणि वापरशुल्क महसुलाच्या अर्ध्या टक्क्याने वाढत असे. हा अधिभार 2021 मध्ये रद्द झाला, 2023 च्या दूरसंचार कायद्याने वाटणीला वैधानिक आधार दिला आणि एप्रिल 2024 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने वेगवेगळ्या बँडमधील वाटणीचीही शिफारस केली.

या साऱ्या वाटचालीत हिशेब सर्कलचा झाला, वीज मात्र मनोऱ्यागणिक जळते. मनमाड जंक्शनचा परिसर रात्रभर जागा असतो आणि जवळच्या अनकाईत त्याच वेळी सामसूम असते. त्यामुळे कोणता प्रक्षेपक केव्हा झोपवायचा, हे प्रत्येक मनोऱ्यापाशी ठरवू देणारे नियमच लहरींच्या भागीदारीतून वीज वाचवू शकतील.